आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रुग्णाची उपासमार: पार्श्वभूमी

मोठ्या आतड्यात गाठ असलेला माणूस ऑपरेशन टेबलावर पोहोचतो, तोवर त्याचं जेवण कितीतरी दिवस तुटलेलं असतं. गाठीने वाट अरुंद झाली की खाल्ल्यावर पोटात कळा येतात, म्हणून तो चार घासांवर ताटावरून उठतो. शौचावाटे थोडं थोडं रक्त जात राहतं. कर्करोगामुळे शरीरात जो दाह चालू असतो, तो भूक मारतो आणि स्नायू झिजवतो. त्यात तपासण्यांची भर. कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून पाहण्यासाठी, जुलाबाचं औषध, सीटी स्कॅनसाठी पुन्हा उपाशीपोटी, तारीख पुढे ढकलली की आणखी एकदा.

ही झीज जिवावर बेतते, हे शल्यचिकित्सेला खूप आधी कळलं होतं. १९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी पेप्टिक अल्सरचं, म्हणजे जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणाचं, ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातला तीनपैकी एक दगावला. इतरांमध्ये हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. हे शोधायला स्टडलींना वजनकाट्यापलीकडे कुठलंही यंत्र लागलं नाही. त्याच दशकात ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांना दिसलं, की हाड मोडलेल्या रुग्णाच्या लघवीतून नायट्रोजन भरमसाट जातो. हा नायट्रोजन प्रथिनं मोडल्यावर सुटतो. म्हणजे इजा झाली की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खर्चाला काढतं. आधीच झिजलेल्या माणसाकडे ही शिल्लक नसते. आतडं कापून जोडलेला सांधा मग नीट भरत नाही, गळतो, आणि पोटात जंतुसंसर्ग होतो.

हे सगळं कळूनही वॉर्डातला रिवाज उलटाच राहिला. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते ही भीती खरी होती. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी बाळंतिणींमध्ये ते दाखवलं, आणि मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही नाही हा नियम पक्का झाला. ऑपरेशननंतरचा उपास त्याहून लांबायचा. आपल्याकडेही राउंडला येणारा पहिला प्रश्न ठरलेला: ‘गॅस पास झाला का?’ वारा सरला नाही तर आजही तोंड बंद. तोवर सलाईन. ‘सलाईन लावली म्हणजे ताकद येईल’ हा आपल्याकडचा समज किती खोल आहे! पण साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, उष्मांक शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरच्या बाटलीत साखर ५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोनशे उष्मांक. प्रथिनं अजिबात नाहीत. अलाबामाच्या चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ मध्ये नेमकं याच गोष्टींवर बोट ठेवलं: रुग्णालयं रुग्णाची उंची-वजन लिहीत नाहीत आणि त्याला दिवसचे दिवस सलाईन-ग्लुकोजवर ठेवतात.

दरम्यान फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी साठच्या दशकात बीगल जातीची कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली. मग बऱ्याच ठिकाणी सरसकट शिरेतून पोषण सुरू झालं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ३९५ रुग्णांच्या अभ्यासाने त्याला लगाम घातला. फायदा झाला तो अतिकुपोषितांना. बाकीच्यांना जंतुसंसर्गच जास्त झाला.

खरा बदल डेन्मार्कमधून आला. नव्वदच्या दशकात कोपनहेगनच्या हेन्रिक केहलेट यांनी आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्णाला त्याच दिवशी खायला-प्यायला दिलं, उठवून चालवलं, आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडलं. पुढे युरोपातल्या सर्जनांच्या एका गटाने २००५ मध्ये याची एकमताने कार्यपद्धती लिहिली. मध्यरात्रीचा नियमही सैलावला. ठरलेल्या ऑपरेशनआधी दोन तासांपर्यंत पाणी चालतं. आपल्याकडे मात्र नातेवाइकांना हे पटवणं अजून अवघड जातं. डाळ-भाताने टाके पिकतात या धास्तीने घरी गेलेल्या रुग्णाला आठ-आठ दिवस नुसत्या पेजेवर ठेवलं जातं, तेही शरीराला प्रथिनांची सर्वांत जास्त गरज असताना.

ही हानी किती मोठी आहे, ते २०२३ मध्ये आकड्यांत दिसलं. ७५ देशांतल्या, आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या ५,७०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात तीनपैकी एक रुग्ण तीव्र कुपोषित निघाला. भारत ज्यात मोडतो त्या कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होतं, आणि ऑपरेशननंतर महिन्याभरात मृत्यू येण्याचा कुपोषणामुळे वाढणारा धोकाही तिथेच सर्वाधिक होता.

आज भरती होताना वजन घेतलं जातं, ते बहुतेकदा भुलीच्या औषधाचा डोस ठरवायला. सहा महिन्यांपूर्वी किती होतं, हे विचारायला हवं. घरात काटा नसलेल्या रुग्णाला तो आकडा सांगता येत नाही. पण पायजम्याची नाडी किती आवळावी लागते, बांगड्या मनगटावरून कुठवर सरकतात, हे त्याच्या घरचं माणूस लगेच दाखवतं.