पार्श्वभूमी : अंगुलिमालानंतर बंद झालेलं दार

21 जानेवारी 2022. बँकॉकच्या फाया थाई रस्त्यावर, एका रुग्णालयासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवरून एक तरुण नेत्रतज्ज्ञ डॉक्टर रस्ता ओलांडत होती. तेवढ्यात नंबरप्लेट नसलेली एक जड मोटरसायकल भरधाव आली आणि तिला उडवून गेली. चालवणारा पोलीस शिपाई होता. डॉक्टर वाचली नाही. सीसीटीव्हीतलं ते दृश्य देशभर फिरलं. लोक अजून हळहळतच होते, तोवर दुसरी छायाचित्रं आली. त्यात तोच शिपाई मुंडन करून, काषाय वस्त्र नेसून, वडिलांसह भिक्खू झालेला दिसत होता. गेलेल्या डॉक्टरला पुण्य लाभावं म्हणून ही दीक्षा, असं सांगण्यात आलं.

हळहळीची जागा संतापाने घेतली. ज्याच्यावर गुन्हा दाखल आहे त्याला संघात घेतलंच कसं, असा लोकांचा सरळ प्रश्न होता. काही दिवसांतच त्याने चीवर उतरवलं. एप्रिलमध्ये कोर्टाने त्याला एक वर्ष 15 दिवसांची कैद सुनावली.

अशी बातमी वाचली की आपल्याकडे तोंडात पहिल्यांदा येतं ते 'करून करून भागला आणि देवपूजेला लागला'. पण धम्म मानणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट ऐकू येते: बुद्धाने डाकू अंगुलिमालाला जवळ केलं, मग याला का नाही? ज्यांना माणूस बदलू शकतो यावर विश्वास ठेवायचा आहे, त्यांचा हा प्रश्न आहे आणि तो मनापासूनचा आहे. त्याचं उत्तर द्यायला आधुनिक कायद्याकडे धावण्याची गरज नाही. ते विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे, आणि लोकांच्या रागातूनच आलेलं आहे.

अंगुलिमालाची गोष्ट मराठी घरांत ठाऊक असते. बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या भागात ती घेतली आहे. पण आपण ती बहुधा अर्ध्यावर सोडतो. डाकू शरण आला, भिक्खू झाला, संपलं. मज्झिमनिकाय या पाली उपदेशसंग्रहातल्या सुत्तात खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याच डाकूला पकडायला निघाला आहे आणि वाटेत तो बुद्धाला भेटायला थांबतो. बुद्ध त्याला विचारतो, अंगुलिमाल मुंडन करून, काषाय नेसून, हिंसा सोडून बसलेला दिसला तर काय करशील? राजा म्हणतो, वंदन करीन, चीवर-भोजन देईन, पण तसल्या माणसाच्या अंगी असलं शील येणार कुठून? तेव्हा बुद्ध आपला उजवा हात लांब करतो आणि शेजारीच बसलेल्या भिक्खूकडे दाखवतो: महाराज, हा अंगुलिमाल.

हा लांब केलेला हात मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या माणसाला लपवलेलं नाही. ज्याला शिक्षेचा अधिकार होता त्या राजालाच, तो शोधायला निघालेला असताना, बोट दाखवून ओळख करून दिली आहे.

पुढे सावत्थीत भिक्षेला फिरताना अंगुलिमालाच्या अंगावर ढेकळं, काठ्या, खडे येऊन पडतात. डोकं फुटून रक्त वाहतंय, भिक्षापात्र फुटलंय, संघाटी (वरचं चीवर) फाटलीय, अशा अवस्थेत तो बुद्धापुढे येतो. बुद्ध लोकांना दोष देत नाही. तो म्हणतो, सहन कर. ज्या कर्माचं फळ नरकात वर्षानुवर्षं भोगावं लागलं असतं, ते तू इथेच भोगतो आहेस. म्हणजे दीक्षेने त्याचा हिशेब पुसला गेला नाही आणि लोकांचा रागही खोटा ठरवला गेला नाही.

आता विनयाकडे. त्यातल्या महावग्ग या भागाच्या पहिल्याच खंधकात (प्रकरणात) हाच प्रसंग दुसऱ्या बाजूने येतो. अंगुलिमालाने प्रव्रज्या घेतल्यावर, म्हणजे घर सोडून संघात आल्यावर, लोक त्याला पाहून भेदरतात, वाट सोडतात, तोंड फिरवतात, दारं लावून घेतात. आणि मग बोलू लागतात. त्यासाठी पाली ग्रंथात तीन क्रियापदं एकापाठोपाठ येतात: "उज्झायन्ति खीयन्ति विपाचेन्ति", कुरकुरतात, संतापतात, बोल लावतात. त्यांचं म्हणणं असं, की हे शाक्यपुत्रीय श्रमण (बुद्धाचे भिक्खू) उघड उघड दरोडेखोर असलेल्याला दीक्षा देतातच कशी? भिक्खूंच्या कानावर हे येतं, ते बुद्धाला सांगतात आणि नियम होतो: "न, भिक्खवे, धजबन्धो चोरो पब्बाजेतब्बो." ध्वज लावून फिरणाऱ्या, म्हणजे नामचीन चोराला प्रव्रज्या देऊ नये. अंगुलिमाल आत राहिला, पण त्याच्या मागे दार लागलं.

याच खंधकातला त्यापुढचा प्रसंग तर आजच्या पेपरात छापावा असा आहे. मगधाचा राजा बिंबिसार याने फर्मान काढलं होतं की शाक्यपुत्रीय श्रमणांमध्ये जे प्रव्रजित झाले त्यांना कोणी काही करू नये. राजाने हे श्रद्धेने केलं होतं. परिणाम काय झाला? तुरुंग फोडून पळालेला एक चोर थेट भिक्खू झाला. लोकांनी त्याला ओळखलं, पकडायला गेले, तर कोणीतरी राजाच्या फर्मानाची आठवण करून दिली. लोक म्हणाले, "अभयूवरा इमे समणा सक्यपुत्तिया", या श्रमणांना अभय आहे, यांचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. लगेच दुसरा नियम झाला, की तुरुंग फोडून आलेल्याला घेऊ नये. मग एकामागोमाग एक नियम येत जातात. ज्याच्या नावाने 'दिसेल तिथे मारावा' असं लिहून निघालं आहे तो, फटक्यांची शिक्षा झालेला, डागलेला, कर्जबुडवा, पळून आलेला दास. त्याआधीच राजाच्या सैनिकांवर बंदी आली होती, कारण सीमेवरच्या लढाईला जायचं नाही म्हणून काहींनी दीक्षा घेतली होती. यांत दासाचा नियम आज वाचताना मनाला लागतो. संघाने त्या काळच्या मालकांपुढे इथे मान तुकवली, हे झाकण्यात अर्थ नाही. पण चोर आणि कैदी यांच्याबाबत नियमाचा रोख साफ आहे: चीवर ही पळवाट होता कामा नये.

आणखी एक प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा. एका तरुणाने आईचा जीव घेतला. त्या कर्माचा त्याला छळ होऊ लागला, किळस येऊ लागली. या पापातून बाहेर कसा पडू, या विचाराने तो भिक्खूंकडे आला आणि त्याने दीक्षा मागितली. हा माणूस राजापासून पळत नव्हता. त्याला खरोखर पश्चात्ताप झाला होता. भिक्खूंनी त्याला उपाली या ज्येष्ठ भिक्खूकडे चौकशीला पाठवलं, उपालीने सगळं ऐकून घेतलं, आणि बुद्धाचा निर्णय आला: मातृघातक्याला उपसंपदा (पूर्ण भिक्खूदीक्षा) देऊ नये, दिली असेल तर त्याला संघातून काढून टाकावं. पितृघात आणि अर्हताची (मुक्त झालेल्या साधकाची) हत्या यांनाही तोच नियम. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. करुणेचा धर्म म्हणून आपण ज्याची ओळख करून देतो, तिथे पश्चात्तापालाही एका ठिकाणी 'इथे नाही' असं उत्तर आहे. त्याने धम्म ऐकू नये, दान देऊ नये, सुधारू नये असं कोणी म्हणालं नाही. फक्त समाज ज्यांना हात जोडतो त्यांच्या रांगेत त्याला उभं केलं नाही.

म्हणूनच आजही थेरवादी उपसंपदेच्या विधीत इच्छुकाला बाजूला नेऊन पालीत प्रश्न विचारतात. कुष्ठ आहे का, फेफरं आहे का, यानंतर: "भुजिस्सोसि?" स्वतंत्र आहेस ना? "अणणोसि?" ऋणमुक्त आहेस ना? "नसि राजभटो?" राजाचा सैनिक तर नाहीस? आईवडिलांची परवानगी आहे का? वीस वर्षं पूर्ण झाली का? बिंबिसाराचे पळपुटे सैनिक या दोन शब्दांच्या प्रश्नात अडीच हजार वर्षं टिकून राहिले आहेत.

थायलंडमध्ये हा प्रश्न वरचेवर पेटतो, कारण तिथे दीक्षा ही आयुष्यभराचीच असते असं नाही. आपल्याकडच्या दहा दिवसांच्या श्रामणेर (नवशिक्या भिक्खूंच्या) शिबिरातून ज्यांची मुलं जाऊन आली आहेत, त्यांना हे चटकन कळेल. थाई घरात मुलगा काही दिवस किंवा एक वर्षावास (पावसाळ्याचे तीन महिने) भिक्खू होतो, आणि त्याच्या पिवळ्या चीवराचा पदर धरून आईबाप स्वर्गात जातात अशी श्रद्धा असते. घरात कोणी गेलं तर अंत्यसंस्कारापुरती दीक्षा घेण्याचीही रीत आहे, मृताच्या नावाने पुण्य जोडण्यासाठी. 2018 मध्ये गुहेत अडकलेल्या फुटबॉलपटू मुलांपैकी 11 जण सुटकेनंतर श्रामणेर झाले आणि त्यांचा प्रशिक्षक भिक्खू झाला. त्यांना वाचवताना प्राण गमावलेल्या पाणबुड्यासाठी ही दीक्षा होती, आणि सारा देश गहिवरला. मोटरसायकलवाल्या शिपायाने सांगितलेलं कारण वरवर तेच होतं. विधी तोच, पण मुलांच्या मागे कोणताही खटला उभा नव्हता.

या रागाला थायलंडमध्ये एक जुनी जखमही आहे, आणि ती 1976 ची आहे.

लष्करी हुकूमशहा फील्ड मार्शल थानोम कित्तिकाचोर्न 1963 पासून पंतप्रधान होते. 14 ऑक्टोबर 1973 ला बँकॉकच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, 77 माणसं गेली, आणि थानोमना देश सोडावा लागला. (आपल्यासाठी 14 ऑक्टोबर म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी. तीच तारीख थाई लोकांना लोकशाहीची आणि सांडलेल्या रक्ताची म्हणून आठवते.) 1974 च्या अखेरीस त्यांनी परतण्याचा प्रयत्न केला, पण विरोधामुळे पुन्हा बाहेर जावं लागलं. 19 सप्टेंबर 1976 ला ते सिंगापूरहून विमानाने उतरले ते श्रामणेराच्या वेशात. आजारी वडिलांसाठी दीक्षा घ्यायची आहे, असं कारण होतं. त्याच दिवशी वाट बोवोनिवेट या विहारात त्यांना उपसंपदा मिळाली. हा विहार म्हणजे राजघराण्याचा. राजा भूमिबोल स्वतः 1956 मध्ये भिक्खू असताना इथेच राहिले होते.

आता पेच पाहा. हुकूमशहाला विमानतळावर अडवता आलं असतं. भिक्खूला कोण अडवणार? विद्यार्थी विरोध करायला उठले की ते धर्माविरुद्ध उठले असं म्हणायला उजव्या संघटना मोकळ्या झाल्या. त्यांची माणसं विहाराभोवती पहाऱ्याला बसली. 23 सप्टेंबरला राजा आणि राणी विहाराला भेट देऊन गेले. अंगुलिमाल भिक्षेला निघाला तेव्हा त्याच्याभोवती पहारा नव्हता.

त्यानंतर दोनच दिवसांत नाखोन पाथोममध्ये, थानोमविरोधी पत्रकं चिकटवणारे वीज मंडळाचे दोन तरुण कर्मचारी एका फाटकाला टांगलेले सापडले. 4 ऑक्टोबरला थम्मासात विद्यापीठात, बोधिवृक्षावरून नाव पडलेल्या 'लान फो' अंगणात, विद्यार्थ्यांनी त्या फाशीचा प्रसंग करून दाखवला. एका वृत्तपत्राने त्याचं छायाचित्र छापून असा आरोप केला की फासावरचा चेहरा युवराजासारखा केला आहे. सैन्याच्या रेडिओवरून चिथावणी सुरू झाली. 6 ऑक्टोबरच्या पहाटे पोलीस आणि जमाव विद्यापीठावर तुटून पडले. सरकारी आकडा 46 मृतांचा आहे. तीन हजारांवर विद्यार्थी पकडले गेले. समोरच्या सनाम लुआंग मैदानात झाडाला लटकवलेल्या प्रेतावर एक माणूस घडीची खुर्ची उगारतो आहे आणि भोवती बघे उभे आहेत, हे छायाचित्र जगभर गेलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. संध्याकाळपर्यंत लष्कराने सत्ता घेतली होती.

थानोमच्या दीक्षेनेच हे सगळं घडवलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया नुकतेच कम्युनिस्टांकडे गेले होते. त्या जूनमध्येच कित्तिवुत्थो या नामांकित भिक्खूने कम्युनिस्टांना मारणं पाप नाही असं जाहीरपणे सांगितलं होतं. दारूगोळा साठलेला होता, आणि ठिणगी चीवराने दिली. 1978 मध्ये माफीचा कायदा आला आणि हल्लेखोरांवर खटला चालण्याचा प्रश्नच उरला नाही. 1999 मध्ये थानोमना राजाच्या अंगरक्षक दलात मानद पद देण्यात आलं तेव्हा पुन्हा ओरड झाली आणि त्यांनी ते सोडलं. 2004 मध्ये ते वारले. त्यांच्यावर खटला कधी उभा राहिलाच नाही.

हे माहीत असलेल्या समाजात एखादा आरोपी मुंडन करून छायाचित्रात आला की लोक फक्त त्या माणसाकडे पाहत नाहीत. ते विचारतात, दीक्षा देणाऱ्या उपाध्यायाने काय चौकशी केली? थाई संघाच्या महाथेर परिषदेने 1993 च्या नियमात उपाध्यायांवर तशी जबाबदारी लेखी टाकली आहे. पळून आलेला, सरकारला हवा असलेला आणि फौजदारी गुन्ह्यातला आरोपी यांना दीक्षा देता येत नाही. बिंबिसाराच्या काळची यादी तिथे सरकारी भाषेत पुन्हा लिहिलेली आहे. 2022 मध्ये लोक नेमक्या याच नियमावर बोट ठेवत होते, आणि त्यातले बहुतेक स्वतः बौद्धच होते.

नाखोन पाथोमचं ते लाल फाटक चाळीस वर्षांनंतरही उभं होतं. रंग उडालेलं, गंज चढलेलं. ते दोघे त्याच फाटकाला टांगलेले सापडले होते.