जिवाणू पेशीला राबवतो कसा: एका शोधाची पार्श्वभूमी

१८८४ च्या सुरुवातीला जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याहून बर्लिनला कळवलं, की पटकीचा (कॉलराचा) जंतू सापडला आहे आणि तो स्वल्पविरामासारखा किंचित वाकलेला आहे. फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्यांच्या म्हणण्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नव्हतं. जंतू हाती आला तरी एक कोडं उरलंच. हा जिवाणू रक्तात शिरत नाही, आतड्याच्या पोकळीतच राहतो. मग काही तासांत माणसाच्या अंगातलं पाणी आटतं कसं? तो एखादं विष सोडत असावा, असा कॉख यांचा तर्क होता.

विषाच्या कल्पनेला लवकरच भक्कम आधार मिळाला. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर यर्सिन यांनी घटसर्पाचे जिवाणू वाढवलेला द्रव गाळून घेतला. त्यात एकही जिवाणू उरलेला नव्हता, तरीही तो टोचल्यावर प्राणी मेले. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी अशा विषाचा प्रभाव मारणारं प्रतिविष शोधलं आणि या विचारावर यशाची मोहोर उमटली. जिवाणू म्हणजे विषाचा कारखाना, ही प्रतिमा इतकी पक्की झाली की एक साधा प्रश्न कित्येक दशकं मागे पडला: हा कारखाना शरीरात एका जागी टिकतो कसा? आतडं सतत हलत असतं, मूत्रमार्ग रोज धुतला जातो, श्वासनलिकेतला कफ वर ढकलला जातो. जो धरून राहत नाही तो वाहून जातो.

खुद्द पटकीचं विष सापडायला पंचाहत्तर वर्षं लागली, कारण शोध चुकीच्या जागी चालू होता. संशोधक जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या रक्तात, पोटाच्या पोकळीत, कातडीखाली टोचत होते. कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी तो थेट आतड्यात टाकला. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधायचा आणि त्या बंद नळीत जिवाणू सोडायचे, ही त्यांची पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणूंऐवजी नुसता गाळलेला द्रव वापरला, आणि आतड्याचा तुकडा तरीही पाण्याने टम्म फुगला. त्याच सुमारास बँकॉकमध्ये यूजीन गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या रुग्णांच्या आतड्याचे बारीक नमुने तपासले. आतड्याचं अस्तर सोलून निघतं, असं तोवर मानलं जात होतं. नमुन्यांत ते शाबूत होतं.

जिवाणू पेशीला राबवतो कसा, या विषयाचा खरा प्रारंभ माझ्या मते इथे आहे. पेशी मेलेली नाही, फाटलेली नाही; तरी माणूस मरतो आहे. १९७० च्या दशकात याची यंत्रणा उलगडली. पटकीच्या विषाचे पाच सारखे भाग मिळून एक कडं होतं आणि ते आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ नावाच्या शर्करायुक्त मेदरेणूला पकडतं. मग सहावा भाग आत जातो आणि पेशीच्या एका नियंत्रक प्रथिनाला कायमचं ‘चालू’ करून ठेवतो. एरवी हे प्रथिन क्षणभर चालू होतं आणि आपोआप बंद पडतं. आता ते बंदच होत नाही. पेशी क्लोराइड बाहेर सोडत राहते आणि त्यामागोमाग पाणी जातं. विषाने नवीन काहीच केलेलं नाही. पेशीचंच रोजचं काम तिला थांबू न देता करायला लावलं आहे. जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. तो सन्मान त्यांना मिळाला नाही, ही रुखरुख आजही वाटते.

चिकटण्याचा धागा मात्र दुसरीकडेच विणला जात होता. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंपैकी काही तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतात, हे १९०८ मध्येच नोंदलं गेलं होतं. त्याचा आजाराशी संबंध कोणाला दिसला नाही. १९५५ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. स्कॉटलंडमध्ये जे. पी. ड्युगिड आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूंच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू पाहिले, त्यांना फिंब्री हे नाव दिलं आणि गुठळ्या करण्याच्या गुणाशी त्यांची सांगड घातली. कोलिअर आणि द मिरांडा यांना आढळलं, की द्रवात मॅनोज ही साखर मिसळली तर गुठळ्या होतच नाहीत. म्हणजे तंतूंची टोकं पेशीवरच्या साखरेला धरत होती, आणि मोकळी साखर मिळाली की ती आधीच भरून जात होती.

पण चिकटण्यामुळे आजार होतो, हे दाखवायला डुकरांची पिल्लं कामी आली. त्यांना जीवघेणा जुलाब करणाऱ्या ई. कोलायवर के-८८ नावाचे तंतू असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये असं दिसलं, की हे तंतू गमावलेले जिवाणू, विष बनवण्याची क्षमता शाबूत असूनही, पिल्लांना आजारी पाडू शकत नाहीत. १९७५ मध्ये दुसरी बाजूही कळली: काही पिल्लांच्या आतड्यात के-८८ ला धरायला जागाच नसते, हा गुण आनुवंशिक असतो आणि अशी पिल्लं वाचतात. एकाच आजाराची दोन्ही टोकं, जिवाणूचा हात आणि पेशीवरची कडी, अशी स्वतंत्रपणे काढून पाहता आली, हे मला फार मोलाचं वाटतं. १९७७ मध्ये इस्रायलमध्ये ओफेक, मिरेलमन आणि शेरॉन यांनी दाखवलं, की ई. कोलाय माणसाच्या ओलसर अस्तराच्या (श्लेष्मल) पेशींनाही मॅनोजच्याच आधाराने चिकटतात.

ही पकड अचंबित करणारी आहे. तंतूच्या टोकावरचं फिमएच हे प्रथिन मॅनोजला धरतं. प्रवाह वाढला की ती पकड सुटायला हवी, असं कोणालाही वाटेल. २००२ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांना उलटच दिसलं: ओढ वाढली की पकड घट्ट होते, प्रवाह मंदावला की सैल. मूत्रमार्गात राहणाऱ्या जिवाणूसाठी याहून सोयीचं काय असेल? धार येते तेव्हा घट्ट धरायचं, ओसरली की पुढे सरकायचं.

आत शिरण्याची गोष्ट याच्याही पुढची. आतड्याच्या ज्या पेशींना काही गिळायची सवय नाही, त्यांच्यात साल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जिवाणू शिरताना १९६७ मध्ये अकिओ ताकेउची यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपला होता. हे घडवतं कोण, जिवाणू की पेशी? १९८५ मध्ये स्टॅनफर्डला राल्फ इसबर्ग आणि स्टॅनली फॉल्को यांनी प्लेगच्या जंतूच्या कुळातल्या यर्सिनियाच्या डीएनएचे तुकडे प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातले आणि पेशीच्या आत पोहोचलेले तेवढे निवडून काढले. एकच जनुक पुरेसं ठरलं. त्याचं प्रथिन, इन्व्हेसिन, पेशीच्या इंटेग्रिनना धरतं, असं १९९० मध्ये स्पष्ट झालं. इंटेग्रिन म्हणजे पेशीला आजूबाजूच्या जाळीशी बांधून ठेवणारे रेणू. जिवाणूने त्यांना इतकं घट्ट धरलं, की पेशी त्याच्याभोवती स्वतःचं आवरण ओढून घेत गेली.

त्यानंतरचा शोध मला सगळ्यात थरारक वाटतो. यर्सिनियाची काही प्रथिनं पेशीच्या आतल्या यंत्रणेवर चालतात, हे १९९० पासून दिसू लागलं होतं. यॉपएच हे त्यातलं एक. पेशी आपल्या प्रथिनांवर संदेशासाठी जे फॉस्फेट लावते ते हे काढून टाकतं. मात्र यर्सिनिया बहुधा पेशीच्या बाहेरच राहतो. मग त्याची प्रथिनं आत जातात कशी? १९९४ मध्ये हान्स वोल्फ-वात्झ यांच्या गटाने दाखवलं, की जिवाणू पेशीला टेकल्यावरच ती सोडली जातात, आणि तीही थेट पेशीच्या आत. १९९८ मध्ये कुबोरी, होर्हे गालान आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेलातून ते यंत्रच वेगळं करून छायाचित्र घेतलं. एक पाया आणि त्यातून बाहेर आलेली पोकळ सुई. पायाची घडण जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटाच्या मुळाशी थेट मिळतीजुळती होती. आता चिकटणं आणि वळवणं हे दोन वेगळे विषय राहिले नाहीत. स्पर्श हाच इशारा होता.

तान्ह्या बाळांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायच्या एका गटाने तर सगळ्यांनाच चकवलं. हे जिवाणू आतड्याच्या पेशीवरची बारीक लव नाहीशी करतात आणि पेशीकडूनच ॲक्टिनचा, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचा, एक चौथरा उभारून घेऊन त्यावर बसतात. त्यांच्या अंगावरचं इंटिमिन हे प्रथिन पेशीतल्या ९० किलोडाल्टन वजनाच्या एका प्रथिनाला धरतं, असं आढळलं होतं. ते पेशीचंच समजून त्याला एचपी-९० म्हटलं गेलं; त्यातला ‘एच’ यजमानाचा. १९९७ मध्ये व्हँकूव्हरच्या ब्रेट फिन्ले यांच्या प्रयोगशाळेत ब्रेंडन केनी आणि सहकाऱ्यांनी ते नीट ओळखलं. ते जिवाणूचंच निघालं. जिवाणू आधी सुईवाटे ते पेशीत सोडतो, पेशी त्याला आपल्या आवरणात बसवते, त्यावर फॉस्फेट लावते, आणि मग बाहेरचा जिवाणू त्यालाच धरतो. हातही त्याचा, कडीही त्याची. डुकरांच्या पिल्लांच्या बाबतीत कडी नसणं हा बचाव होता; इथे कडी येणाराच घेऊन येतो. या प्रथिनाचं नाव आता टिर आहे.

साल्मोनेला वेळेचंही भान ठेवतो. त्याचं सोपई हे प्रथिन पेशीतलं ॲक्टिन हलवणारी बटणं दाबतं, पेशीच्या कडा लाटांसारख्या उसळतात आणि त्याला आत ओढतात. एसपीटीपी हे दुसरं प्रथिन तीच बटणं परत बंद करतं. दोन्ही जवळजवळ एकदमच आत जातात. मग आधी दार उघडतं आणि नंतर मिटतं, हा क्रम कसा साधतो? गालान यांच्या गटाने २००३ मध्ये उत्तर दिलं: पेशीची जुनी प्रथिनं मोडीत काढणारी यंत्रणा सोपईला लवकर नष्ट करते, एसपीटीपीला उशिरा. जिवाणू पेशीच्या सफाईयंत्रणेचाच घड्याळासारखा उपयोग करतो.

अशी उदाहरणं वाढतच गेली. पोटातला हेलिकोबॅक्टर हा जिवाणू कॅगए हे प्रथिन पेशीत सोडतो, फुफ्फुसाचा आजार करणारा लेजिओनेला तीनशेहून जास्त प्रथिनं सोडतो, आणि क्षयाचा जंतू भक्षक पेशीच्या पोटात राहून तिला पचनाचे रस आपल्यापर्यंत आणूच देत नाही.

अन्नातून पसरणाऱ्या लिस्टेरिया या जिवाणूबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण त्याने पेशीविज्ञानालाच शिकवलं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पास्काल कोसार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याचं इंटर्नलिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅधेरिनला धरतं. तरी उंदरांना तोंडावाटे लिस्टेरिया दिला तर माणसासारखा आजार सहजी होत नसे. १९९९ मध्ये कारण कळलं: ई-कॅधेरिनमधल्या सोळाव्या जागी माणसात प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, उंदरात ग्लुटामिक आम्ल. एवढ्या एका फरकामुळे पकड बसत नाही. उंदरावरच्या कितीतरी प्रयोगांचा अर्थ त्यानंतर नव्याने लावावा लागला. पेशीत शिरलेला लिस्टेरिया मागे ॲक्टिनची धूमकेतूसारखी शेपटी उमटवत पळतो. ही शेपटी कोण विणतं, ते शोधताना १९९७ मध्ये कळलं, की पेशीतला एआरपी-२/३ हा प्रथिनसमूह ॲक्टिनचे धागे सुरू करतो. निरोगी पेशी सरकते तेव्हाही हाच समूह काम करत असतो.

या साऱ्याचा औषधात उपयोग करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९७९ मध्ये मॅनोजसारख्या एका रेणूने उंदरांच्या मूत्रमार्गातला ई. कोलायचा संसर्ग रोखता आला होता. फिमएचची पकड आधीच भरून टाकणारे अधिक ताकदवान रेणू त्यातूनच पुढे आले. डांग्या खोकल्याची जिवाणूपेशीविरहित लस जपानने १९८१ मध्ये वापरात आणली. आज अशा अनेक लशींमध्ये विषाच्या निष्क्रिय रूपाबरोबर चिकटण्याची प्रथिनंही असतात, आणि पर्टॅक्टिन हे त्यातलं एक. अशा लशी वापरणाऱ्या देशांमध्ये २०१० च्या दशकात डांग्या खोकल्याचे असे जिवाणू मोठ्या प्रमाणावर मिळू लागले, ज्यांनी पर्टॅक्टिन बनवणंच सोडून दिलं होतं. धरण्यासाठी त्यांच्याकडे तंतू आणि इतर प्रथिनं अजून होतीच.