दक्षिणायनारंभ : नाशिकचे आकाश व ऋतुपालट

सूर्य कर्कवृत्तावर पोहोचून दक्षिणेकडे वळतो तो दिवस म्हणजे दक्षिणायनारंभ. साधारणतः 21 जून. नाशिक सुमारे 20° उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोनदा, 20 मे व 23 जुलैच्या सुमारास, नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. मधले दोन महिने माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला कललेला असतो. 21 जूनला दुपारी 12:37च्या सुमारास अंगणात 1 मीटरची काठी ओळंब्यात उभी केली, तर तिची जेमतेम 6 सेंमी. सावली दक्षिणेकडे पडते. एरवी उत्तरेला पडणारी सावली अशी उलटलेली पाहण्यासारखी असते; पावसाने उघडीप दिली तर हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. या दिवशी दिनमान सुमारे 13 तास 20 मिनिटांचे असते, पण सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो.

सूर्य इतका वर असूनही कडक ऊन एप्रिल-मेचेच. जूनमध्ये ढग ते अडवतात. शेतकरी हा बदल नक्षत्रांवरून मोजतात. सूर्य 25 मेच्या सुमारास रोहिणीत, 7-8 जूनला मृगात आणि 21-22 जूनला आर्द्रात जातो. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की पाऊस चांगला, असा समज आहे. पहिल्या सरीनंतर बांधावर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात. मात्र आकाशात त्या वेळी मृग शोधून सापडत नाही. 'मृग लागला' म्हणजे सूर्यच त्या नक्षत्रात गेला. ज्याच्या नावाने पेरणीची वाट पाहायची, ते नक्षत्र उन्हात बुडालेले असते. जुलैअखेर ते पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागते.

दक्षिणायनारंभाच्या रात्री नऊच्या सुमारास ढग फाटले, तर स्वाती जवळजवळ माथ्यावर असते, आग्नेयेला वृश्चिकातील तांबूस ज्येष्ठा आणि वायव्येला सप्तर्षी. ध्रुव क्षितिजापासून फक्त 20° वर, हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा.

पावसाचे ढग पश्चिमेकडून येतात. त्र्यंबक, इगतपुरीचा घाटमाथा आधी भिजतो. पूर्वेला सिन्नर, येवल्याकडे पर्जन्यछायेमुळे पाऊस कमी. घाटमाथ्यावरचे पाणी गोदावरीला चढले की नाशिककर रामकुंडाजवळ जमतात आणि पुराची उंची एकाच खुणेने सांगतात : नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला.