नेपियर की गिनी गवत? लावण्याआधी एवढं बघा

नेपियर आणि गिनी ही दोन्ही गवतं मूळची आफ्रिकेतली. दोन्ही बहुवार्षिक, उन्हाळी हवेत जोमाने वाढणारी, बेट करून माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी. म्हणून ‘उंच हिरवा चारा’ एवढंच मनात धरून एकाच्या जागी दुसरं लावलं जातं आणि पुढे बिचाऱ्या गवताला नावं ठेवली जातात. माझ्या मते खरा प्रश्न एकच: गवत कापून गव्हाणीत घालणार, की जनावर गवतात सोडणार? कापून घालायचं तर नेपियर. चारायचं किंवा वाळवून ठेवायचं तर गिनी.

ओळखायची कशी? तुरा आला असेल तर प्रश्नच मिटला. नेपियरचं कणीस बाजरीच्या वळणाचं, भरीव आणि केसाळ. नेपियर आणि बाजरीचं नातंच जवळचं, संकरित नेपियर याच जोडीतून आलं. गिनीचा तुरा मोकळा, पसरट, आणि त्याच्या सगळ्यात खालच्या फांद्या एकाच जागेवरून चहूबाजूंनी फुटतात. तुरा नसेल तर खोड धरून बघा. जुनं नेपियर अंगठ्याएवढं जाड होतं, गिनी फार तर पेन्सिलीएवढं.

या जाडीतच सगळी मेख आहे. गवत वाळवायचं म्हणजे त्यातलं पाणी साधारण 15 टक्क्यांवर आणायचं. हिरव्या नेपियरमध्ये ते 80 टक्क्यांच्या आसपास असतं आणि जाड कांडीतून लवकर निघत नाही. पानं कडक होऊन गळायला लागतात, तरी कांडी आतून ओलीच. अशा गवताची गंजी रचली की आत ऊब धरते, बुरशी येते. म्हणून नेपियर हिरवंच कुट्टी करून घालावं, उरलं तर मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा, करावा. गिनीचं खोड बारीक, पानं भरपूर. तुरा बाहेर पडायच्या सुमारास कापून पातळ पसरलं आणि दिवसातून एक-दोनदा उलटलं तर चांगल्या उन्हात ते नीट वाळतं. पानांवर मात्र विसंबू नका, पेर तपासा: नखाने खरवडल्यावर ओल लागली तर गठ्ठे बांधायची वेळ आलेली नाही.

चराईचंही तसंच. नेपियरमध्ये जनावरं सोडली की ती कोवळे शेंडे खातात, बाकीचं तुडवतात, आणि सतत चारलं तर बेटं विरळ होत जातात. गिनी चराई सोसते, पण तिलाही विसावा लागतो. कुरणाचे भाग पाडून जनावरं फिरवावीत आणि वीतभर बुंधा शिल्लक असतानाच बाहेर काढावीत. पुढचे फुटवे त्याच बुंध्यातून यायचे असतात. झाडांखालच्या विरळ सावलीतही गिनी तग धरते. नेपियरला उघडं ऊन आणि भरपूर खतपाणी हवं. ते मिळालं की उत्पन्नात गिनी त्याच्या जवळपासही येत नाही. पाणी साचणारी जमीन दोघांनाही नको.

लागवडीत नेपियर सोपं. दोन-तीन डोळ्यांची कांडी लावली की झालं. संकरित नेपियरला तर उगवणारं बी धरतच नाही. गिनीचं बी मिळतं, पण ते एकदम पिकत नाही, पिकेल तसं झडतं, आणि ताजं बी काही महिने नीट उगवत नाही. थोडं क्षेत्र असेल तर मुळांसकट ठोंब लावणं बरं.

ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य दोन्ही गवतांत असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू त्याचा बराचसा निकाल लावतात, घोड्यांचं तसं नसतं. घोडा महिनोनमहिने नुसत्या अशा गवतावर ठेवू नये.

जागा असेल तर दोन्ही लावायला हरकत नाही. नेपियर गोठ्याजवळ असू द्या, कारण त्याचा ओला भारा रोज वाहायचा असतो. लांबचा तुकडा गिनीला द्या. तिथे जनावरं आपल्या पायांनी जातील.