हेक्लाच्या राखेत बर्चचं बी

आइसलँडमध्ये माणूस वस्तीला आला तो नवव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा बेटाचा निदान चौथा हिस्सा बर्चच्या झाडीने झाकलेला होता, असा अंदाज आहे. बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचा भाऊबंद. पुढच्या हजार वर्षांत सरपण, कोळसा आणि मेंढ्यांची चराई यांपायी ही झाडी जवळपास संपली. आज ती जेमतेम दीड टक्का जमिनीवर उरली आहे. झाडी गेल्यावर ज्वालामुखीची हलकी माती वाऱ्याने उडू लागली, शेतं वाळूखाली गेली. १९०७ मध्ये तिथे मृदसंधारणाचं सरकारी काम सुरू झालं, जगातल्या अशा सर्वांत जुन्या प्रयत्नांपैकी एक.

अशा उघड्या जमिनीत नुसतं बी फेकून भागत नाही. कडक थंडी बर्चचं रोप सोसतं; त्याला मारते ती थंडीची ये-जा. ही माती पाणी फार धरते. रात्री ते पाणी गोठून बर्फाच्या बारीक, उभ्या सुया तयार होतात आणि मातीचा वरचा थर रोपासकट उचलतात. बर्फ वितळला की माती खाली बसते, रोप मात्र वरच राहतं. असं पुन्हा पुन्हा झालं की मुळं उघडी पडून वाळतात. म्हणून आधी थोडं खत टाकून गवताचा आणि शेवाळाचा पातळ थर जमू द्यायचा, मग त्यात बर्च तगतो. वाळू सरकती असेल तिथे पहिला मान मेलग्रेसी या देशी गवताचा. कितीही गाडलं गेलं तरी ते वाळूतून वर फुटत येतं.

इतका धीर सगळ्यांना नव्हता. १९४५ मध्ये वनखात्याचे प्रमुख हाकोन ब्यार्नासोन यांनी अलास्कातून ल्युपिन हे जांभळ्या फुलांचं रोप आणलं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, त्यामुळे ते नापीक खडीतही जोमाने वाढतं. माती सुधारते, जांभळे डोंगर पर्यटकांना भुरळ घालतात. पण ल्युपिन ओसाड जमिनीपाशी थांबत नाही. बुटक्या देशी झुडपांच्या माळावर शिरून त्यांना झाकून टाकतं. मला हा सौदा पटत नाही.

हेक्ला ज्वालामुखीभोवतीच्या सुमारे ९०० चौरस किलोमीटर भागात २००७ पासून वेगळी वाट धरली आहे. एवढी जमीन हाताने लावणं परवडणारं नाही. म्हणून ठिकठिकाणी बर्चचे पुंजके लावायचे आणि पुढची पेरणी वाऱ्यावर सोपवायची. बी अगदी बारीक, दोन्ही बाजूंना पातळ पंख असलेलं. शरद ऋतूत लोक झाडांचे तुरे हाताने खुडून ते गोळा करतात. बर्चच इथे हवा, याचं कारण हेक्लाच आहे. पातळ राखेखालीही बुटकं गवत गाडलं जातं आणि राख पुन्हा उडू लागते. उंच झाडी त्यातून वाचते, राख तिच्या बुंध्यांशी अडते.

वाऱ्यावरचा हा भरवसा निराधार नाही. स्केइदारारसांदुर या हिमनद्यांनी पसरलेल्या वाळूच्या मैदानावर कोणीही न लावता बर्च उगवला आहे, आणि तिथली झाडं आता स्वतः बी धरतात.