मूत्रपिंडाचं खरं काम: टाकणं कमी, परत घेणं जास्त

मूत्रपिंडं रक्तातली घाण बाहेर टाकतात, असं आपण शाळेत शिकतो. ते खरंच आहे, पण त्यांच्या कामाचा तो लहानसा भाग झाला. निरोगी प्रौढ माणसाची दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि लघवी होते साधारण दीड लिटर. बाकीचं सगळं रक्तात परत जातं. मूत्रपिंडाची खरी करामत या परत घेण्यात आहे.

ही मूत्रपिंडं पोटाच्या मागच्या भिंतीला टेकून, कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आड असतात. उजवीकडे वर यकृत असल्यामुळे उजवं मूत्रपिंड जरा खाली असतं. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटिमीटर. दोन्हींचं मिळून वजन शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही भरत नाही, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा इकडे येतो. एवढं रक्त त्यांना स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही. ते येतं गाळलं जायला.

गाळण्याचं काम नेफ्रॉन करतात, म्हणजे एक बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नलिका अशा सूक्ष्म रचना. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाख असतात, माणसामाणसांत हा आकडा बराच बदलतो. नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. त्याभोवती पेल्यासारखं आवरण असतं. या दोहोंचा संबंध विल्यम बोमन या इंग्रज शल्यविशारदाने १८४२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला, म्हणून ते आवरण आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. गुंत्यातल्या रक्ताचा दाब इतर केशवाहिन्यांपेक्षा जास्त असतो. त्या दाबामुळे पाणी, क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्लं, युरिया असं सगळं पलीकडे ढकललं जातं. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं तेवढी मागे राहतात. इथे चांगलं-वाईट अशी निवड होत नाही. शरीरात रक्तद्रव, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग, असतो तीनेक लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो.

निवड होते ती पुढच्या नलिकेत. नलिकेच्या पहिल्याच भागात दोनतृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतलं जातं. दिवसभरात सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि ते जवळजवळ सगळं परत येतं. मीठ तर दीड किलोच्या आसपास गाळलं जातं, त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक परत येतं. ग्लुकोज उचलून नेणाऱ्या प्रथिनांची क्षमता मात्र मर्यादित आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती प्रथिनं पुरी पडत नाहीत आणि लघवीत साखर उतरते. साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मधुमेहात वारंवार लघवी होते आणि सतत तहान लागते, ती यामुळे.

शेवटचं पाणी किती परत घ्यायचं, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारं एक संप्रेरक ठरवतं. पाणी कमी प्यालात तर ते वाढतं, लघवी थोडी आणि गडद होते. तरीही ती रक्ताच्या चौपटीहून फारशी दाट करणं मानवी मूत्रपिंडाला जमत नाही.

इतकं सगळं बाहेर काढून पुन्हा आत घ्यायचं, हा उलटा उद्योग कशासाठी? घर साफ करताना कचरा वेचत बसण्याऐवजी सगळं सामान अंगणात काढावं आणि हवं तेवढंच आत न्यावं, तसा हा प्रकार आहे. याचा मोठा फायदा असा की प्रत्येक नकोशा पदार्थाची ओळख असण्याची गरज उरत नाही. शरीराने आधी कधीच न पाहिलेलं रसायनसुद्धा, त्याला आत नेणारं कुणी नसेल तर, आपोआप बाहेर जातं. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

काही पदार्थ मात्र नलिकेच्या पेशी स्वतःहून बाहेर टाकतात. पेनिसिलीन त्यातलं एक. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला ते पहिल्यांदा रुग्णांना दिलं गेलं, तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा वेगळं करून वापरावं लागलं.

हे सगळं लक्षात घेतलं की तपासणीचा रिपोर्ट वाचायला सोपा जातो. लघवीत अल्ब्युमिन सापडत राहिलं, तर बहुधा ग्लोमेरुलसची भिंत गळू लागलेली असते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ. तो रक्तात वाढला, तर गाळण्याचं काम मंदावलं असण्याची शक्यता असते. पण इथे एक मोठी अडचण आहे. गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिनचा आकडा ‘नॉर्मल’च्या मर्यादेत राहू शकतो. शिवाय धट्ट्याकट्ट्या तरुणाचा आणि कृश वृद्धेचा आकडा सारखाच आला, तरी वृद्धेचं मूत्रपिंड बरंच थकलेलं असू शकतं, कारण तिच्या शरीरात मुळात स्नायूच कमी. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं याचा अंदाज, त्याच रिपोर्टमध्ये पाहायला हवा. जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत, आणि बरेच निकामी झाले तरी सुरुवातीला दुखत-खुपत काही नाही. म्हणूनच मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना, काहीही त्रास नसताना, वर्षातून एकदा तरी ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला सांगतात.