विमानतळ उघडला, पण शिडीपाशी रांग का? : पार्श्वभूमी

मे 2025 मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद झाले. त्यात मराठवाड्यातला एकही नव्हता. तरी चिकलठाणा (औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेडच्या प्रवाशांना त्याची झळ बसलीच, कारण विमानात चढायच्या शिडीजवळ प्रवाशाची दुसऱ्यांदा झडती घ्यायचा आदेश देशभरातल्या सगळ्या विमानतळांसाठी निघाला होता. टर्मिनलमध्ये सोडायला येणाऱ्यांचा प्रवेशही त्याच आदेशाने बंद झाला.

बंदीची मुदत 15 मेच्या पहाटे 5:29 पर्यंत होती. ही वेळ विचित्र वाटते, पण नोटम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, जागतिक वेळेत निघतो आणि तिथले 23:59 म्हणजे आपल्याकडचे 5:29. प्रत्यक्षात 12 मेलाच बंदी उठली. तरीही 13 मेला मोठ्या कंपन्यांनी त्यातल्या काही शहरांची उड्डाणे रद्दच ठेवली. परवानगी मिळाली म्हणून विमान लगेच येत नाही. आधी धावपट्टीवरून खडे, तुकडे वेचावे लागतात, दिवे आणि दिशादर्शक यंत्रे तपासावी लागतात, अग्निशमनाची श्रेणी पुन्हा जाहीर करावी लागते. ही श्रेणी विमानाच्या लांबीवर ठरते. 72 आसनी एटीआरला (पंख्याचे छोटे विमान) पाचवी पुरते, तिथे फेसासाठी साधारण 5,400 लिटर पाणी लागते. थोडे लांब जेट आले की सहावी श्रेणी, म्हणजे 7,900 लिटर. एक बंब नादुरुस्त असला तर श्रेणी खाली येऊ शकते आणि जेटचे उतरणे अडू शकते, मग पहारा कितीही कडक असो.

कोविडनंतर विमानसेवा पुन्हा सुरू होण्याचे टप्पे वेगळ्या जातीचे होते. 25 मे 2020 ला एक तृतीयांश उड्डाणांनी सुरुवात झाली आणि पूर्ण क्षमता 18 ऑक्टोबर 2021 ला परतली. तिथे वेळापत्रकाचे टक्के वाढत गेले; सुरक्षेच्या कारणाने बंद झालेल्या विमानतळावर तपासणीचे जादा थर एकेक करून उतरत जातात.

हे थर चढले कसे? एप्रिल 1993 च्या तीन दिवसांत दोन वेगळे धडे मिळाले. 24 तारखेला विमान अपहरण होऊन अमृतसरला उतरले. 26 तारखेला औरंगाबादहून उडणारे विमान धावपट्टीच्या टोकाबाहेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि 55 जण गेले. एका घटनेने प्रवाशाच्या झडतीकडे बोट दाखवले, दुसरीने कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे. पुढे 1999 च्या कंदहार विमान अपहरणानंतर विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल नेमायला सुरुवात झाली. सगळा भर झडतीवर गेला आणि कुंपण मागे पडले, असे म्हणायला जागा आहे.

वादाचा मुद्दा ही शिडीजवळची झडतीच. मुख्य तपासणी केंद्रीय दल किंवा राज्य पोलिस करतात. शिडीपाशी मात्र विमान कंपनीचे कर्मचारी असतात. समर्थक म्हणतात की पहिल्या तपासणीनंतर प्रवाशाला दुकानदार, सफाई कामगार, बसचालक भेटतात, त्या वाटेवर काहीतरी हातात पडू शकते. मुद्दा खरा आहे. पण तिथे एक्स-रे यंत्र नसते. हातातला मेटल डिटेक्टर आणि पिशवी उघडायला टेबल, एवढेच. बायकांसाठी पडद्याचा आडोसा आणि महिला कर्मचारी लागते.

हिशेब करून बघा. 76 आसनी विमान, 50 पुरुष, 26 बायका, प्रत्येकी 40 सेकंद. पुरुषांच्या रांगेला एकच माणूस असेल तर 33 मिनिटे जातात, दोन असतील तर 17. लहान विमानाचा जमिनीवरचा मुक्कामच अर्ध्या तासाच्या आसपास असतो. मेच्या दुपारी, तापलेल्या काँक्रीटवर, हे सगळे उघड्यावर. एखादा तपासलेला प्रवासी विसरलेली पिशवी आणायला मागे गेला तर त्याची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

नांदेडला यात आणखी एक पेच आहे. तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्या शीख भाविकांना देशांतर्गत विमानात कृपाण बाळगायची मुभा आहे: पाते 15.24 सेंटिमीटरपर्यंत, एकूण लांबी 22.86 सेंटिमीटरपर्यंत. आत पोलिसाने मोजून सोडलेली कृपाण शिडीपाशी कंपनीचा नवा कर्मचारी अडवू शकतो, कारण त्याच्या हातातल्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत 'धारदार शस्त्र' असले तरी सवलतीची ओळ असेलच असे नाही. मग वरिष्ठाला बोलावणे येते आणि मागची रांग थांबते. टेबलावर मोजपट्टी आणि कृपाणाच्या सवलतीच्या आदेशाची प्रत ठेवली तर हे एका मिनिटात मिटते.

छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतल्या विमानतळांवर सुरक्षा आणि अग्निशमन राज्याने विनामूल्य पुरवायचे ठरले आहे. त्यामुळे थर वाढला की जादा माणसे जिल्ह्याच्या पोलिस बळातूनच काढावी लागतात, आणि तेच बळ त्याच दिवशी शहरातल्या बंदोबस्तालाही हवे असते. शिडीजवळची माणसे द्यायची असतात कंपनीने, पण दिवसाला एक-दोन फेऱ्यांसाठी ती कोणी कायमची नेमत नाही. उशीर साचत जातो आणि विमानतळाच्या कामकाजाची ठरलेली वेळ संपते. ती वाढवून मिळाली नाही तर परतीची फेरी रद्द होते.